नखावरची तबकडी

फ्रिस्बीची प्लॅस्टिकची तबकडी पुन्हा फरशीवर आपटली आणि घरंगळत स्कूटरखाली गेली. जावई गुडघ्यांवर बसून तिच्यामागे आत शिरला.

"घ्या! आता रांगणंही झालं," सासरे म्हणाले.

ते पार्किंगमधल्या खांबाला टेकून उभे होते. खिशात फोन होता आणि अकराच्या आत तो वाजायचा होता. ज्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं लेथ चालवली, तिथे स्टोअरमध्ये एक जागा निघाली होती. जावई सात महिने घरी बसून होता आणि पोर एकटीच्या पगारात घर ओढत होती. म्हणून सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तोंड वेंगाडलं. तेही कुणापुढे, तर ज्याला चार वर्षं हाताखाली ठेवूनही धड एक दांडा सरळ कापता आला नाही, त्या आताच्या फोरमनपुढे! "साहेबांसमोर बसून फोन लावतो, काका," फोरमन म्हणाला होता. "माणूस कष्टाळू आहे, एवढं तुमच्या तोंडून त्यांना ऐकू दे. बाकी मी बघतो."

कष्टाळू माणूस स्कूटरखालून बाहेर आला. कोपराला ग्रीस, केसांत जळमट. त्याने तबकडीच्या पोटाला स्प्रे मारून ती निसरडी केली, हाताने गरकन फिरवून वर उडवली आणि खाली बोट धरलं. तबकडी बोटावर टेकली, दोनदा डुलली, थांबली आणि पडली.

"ही म्हणे पहिली युक्ती. सगळ्यात सोपी," सासरे म्हणाले. "मग अवघड असते तिच्यात माणूस मरतो काय हो, जावईबापू?"

"हिला वेळ लागतो, बाबा. एकदा बोटावर ठरली की मग पुढचं सगळं येतं."

"पुढचं म्हणजे? पगार?"

जावई नुसता हसला. ह्याचाच सासऱ्यांना जास्त राग येई. शिव्या घातल्या तरी हा माणूस पाहुण्यासारखा हसायचा. बत्तीस वर्षांचा बाप्या, आणि बायको कामावर गेली की प्लॅस्टिकची थाळी घेऊन खाली! आणि ह्याला कष्टाळू म्हणून आपण आपली जीभ विटाळायची!

तबकडी परत पडली. आता मात्र त्यांना राहवलं नाही. आळस त्यांनी एक वेळ सोसला असता, पण डोळ्यांसमोर चाललेलं भिकार काम त्यांना कधीच सोसलं नव्हतं.

"अहो, बोटाचं मांस लागतंय तिला! ब्रेक लावल्यासारखी थांबते, दिसत नाही? नख लावा, नख. आणि आधी गती द्या. ही काय मेल्या हाताने फिरवता?"

"बोलायला सोपं आहे, बाबा."

"धरा हे." त्यांनी फोन जावयाच्या हातात कोंबला आणि बाह्या वर केल्या.

पहिल्या खेपेला तबकडी नखावरून सरकत कडेला गेली आणि त्यांच्याच पायावर पडली.

"पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," जावई समजुतीने म्हणाला.

सगळ्यांचं! सासऱ्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. हा दिवटा आपली समजूत घालणार! त्यांनी वाकून तबकडी उचलली. उजव्या हाताचं मधलं बोट एकदा लेथच्या चकच्या जबड्यात चेंगरलं होतं, तेव्हापासून त्याचं नख शिंगासारखं जाड यायचं. तेच त्यांनी आता पुढे केलं. दोन्ही हातांनी पीळ देऊन तबकडी सपाट वर सोडली, ती उतरू लागली तसं नख बरोबर तिच्या मधोमध नेलं आणि तिच्याबरोबर हात थोडा खाली घेतला.

तबकडी नखावर बसली. भणभणत राहिली. जरा कुठे कलली की ते मनगट केसभर सरकवत आणि ती पुन्हा सपाट होई. तिचा आवाज बोटातून कोपरापर्यंत येत होता. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत त्यांच्या हाताखाली काहीच इतकं अचूक फिरलं नव्हतं.

"बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ह्याला सेंटर म्हणतात. तुमच्या सात पिढ्यांना नाही जमायचं."

फोन वाजला. जावयाने तो स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडापाशी धरला.

"काका, साहेब समोर बसलेत," फोरमनचा आवाज आला. "बोला तेवढं."

तबकडी थोडी डावीकडे झुकली होती. सासऱ्यांनी श्वास रोखून मनगट सरकवलं.

"काका?"

"थांब रे, दोन मिनिटं," सासरे खेकसले. "कामात आहे मी."

"काका, अहो, साहेब..."

"दांडा कधी सरळ कापलास का जन्मात? थांब म्हटलं ना!"

पलीकडे कुणीतरी दुसरंच हसलं. "ह्यांच्या शब्दावर घेणार होता तुम्ही?" तो आवाज म्हणाला. "दुसऱ्याला बोलवा." फोन बंद झाला.

तबकडी फिरत होती. सासऱ्यांनी नजर हलवली नाही. हलवली असती तर जावयाच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

जावयाने फोन त्यांच्या खिशात अलगद ठेवला.

"माझीही सुरुवात अशीच 'दोन मिनिटं' म्हणत झाली होती, बाबा," तो म्हणाला.