घट्ट वरण

जान्हवीने पातेल्यात पळी उभी केली आणि हात काढून घेतला. पळी कलंडली नाही. वरण घट्ट होतं.

ही परीक्षा तिला सुधाकररावांनी शिकवली होती. आदिलाबादेत त्यांचं ऑडिटचं ऑफिस होतं आणि ती तिथेच काम करायची. काम बहुतेक सरकारी योजनांचं आणि संस्थांचं. "कागदावरचं वरण घट्टच राह्यते पोरी," ते म्हणायचे, "तू पातेल्यातलं पाहून ये." म्हणून सीए झाल्यापासून दरवर्षी ती इंद्रवेल्लीच्या पुढे, सागाच्या रानाला लागून असलेल्या या वसतिगृहात स्वतः यायची. वसतिगृह मुलींचं, चालवणारी एक संस्था, पैसा सरकारचा.

आज मात्र तिचं अर्धं मन पर्समधल्या फोनवर होतं. हैदराबादच्या एका मोठ्या फर्मने तिला नोकरी देऊ केली होती. हो की नाही, ते आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. कॉलेजात असल्यापासून तिने हेच मागितलं होतं. आधी मोठ्या कंपन्यांची ऑडिटं, आणि पुढे कधीतरी एखाद्या कंपनीचा सगळा कारभार आपल्या हाताखाली.

सुधाकरराव सकाळी चिडलेच होते. "जाय ना! काऊन अडून राह्यली? संस्था आन् सरकारी खात्यांत अजून दोन-तीन वर्षं काढली, का तोच शिक्का बसते कपाळावर. मंग मोठे लोक दारात उभं नाही करत. माझ्याकडं पाह्य. मी बसलो ना इथंच."

काऊन अडली, ते तिला त्यांना सांगता आलं नव्हतं. ती या वसतिगृहासाठी अडली होती. बाकी ठिकाणी तिने काय काय पाहिलं होतं. पाणी नसलेले नळ, फक्त कागदावरच बांधलेल्या भिंती. ती अहवाल लिहायची, अहवाल कुठल्यातरी कपाटात जायचा, आणि पुढच्या वर्षी तोच नळ तसाच कोरडा भेटायचा. एवढ्या सगळ्यांत हे एकच ठिकाण खरं निघालं होतं.

आताही ती खोल्या फिरून आली होती. खाटांवर चादरी इतक्या नव्या, की घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. नळाजवळ साबणाची कोरी वडी. मुलींच्या डोक्याला तेल, दोन-दोन वेण्या, लाल रिबिनी. तिची गाडी फाटकात वळली तेव्हाच आतून गलका उठला होता, "ताई आली! ताई आली!" एकीने तर उड्या मारल्या. ऑडिटवाली आली म्हणून कुणी उड्या मारतं का? इतर ठिकाणी तिला पाहून लोकांचे चेहरे पडायचे. इथे मुली हात धरून आत नेत.

व्यवस्थापक अमृतराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हसतमुख माणूस.

"झाला का मुआयना, मॅडम? काल तुमचा फोन आला तवापासून पोरी वाट पाहून राह्यल्या."

फोन ती नेहमीच करायची. उद्या येते, कागद काढून ठेवा, एवढंच सांगायला. ऑफिसची तशी रीतच होती. आयत्या वेळी जाऊन कुणाचं काम अडवू नये.

तिने कागद पाहिले. सह्या केल्या. मग पडवीच्या पायरीवर बसून फोन काढला. हैदराबादला लिहिलं, "आभारी आहे. मला येता येणार नाही." पाठवण्याआधी बोट थोडं थांबलं. मग संदेश गेला. आईबाबांना काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं. तिने मान वर केली. समोर मुलींची पंगत बसत होती. ताटात भात, घट्ट वरण आणि प्रत्येकीला एक उकडलेलं अंडं. जाऊ दे, तिने स्वतःला समजावलं. मोठं नाव नाही झालं तरी आपल्या सहीमागे हे ताट आहे.

आणि ती उठून पंगतीत जाऊन बसली.

शेजारी सुवर्णा होती. दुसरीतली, पुढचे दोन दात पडलेले. ती बोलत नव्हती, नुसती जेवत होती. घास तोंडात असतानाच हात पुढच्या घासाला जात होता. मनगट इतकं बारीक, की लाल बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. मध्येच तिने अंडं उचललं, फ्रॉकला पुसलं आणि खिशात टाकलं.

जान्हवीला हसू आलं. "अगं, अंडं खिशात कशाला? खा की."

"उद्याले ठेवलं, ताई."

"उद्या ताजं मिळेल ना दुसरं."

सुवर्णाचा घास तोंडातच थांबला. तिने जान्हवीकडे पाहिलं. मग तिचे डोळे एकदम चमकले. तिने शेजारणीला कोपर मारलं आणि कानात काहीतरी सांगितलं. ती कुजबुज पंगतीच्या टोकापर्यंत पळत गेली. सगळ्या मुली वळून जान्हवीकडे पाहू लागल्या.

तेव्हा जान्हवीला दिसलं. एकाही ताटात अंडं नव्हतं. प्रत्येकीचा डावा हात खिशावर होता.

"खरंच, ताई?" सुवर्णाने हळूच विचारलं. "उद्या बी ऑडिट हाय?"