दिवा असलेलं मशीन

"दिवा असलेलंच घ्या," वच्छलाबाई म्हणाली आणि खुर्चीवर टेकून श्वास जमवत बसली.

समोर दोन मशीनं होती. दोन्ही हवा साफ करणारी, दोन्हींची किंमत सारखीच. एक कोठीएवढं मोठं. दुसरं घागरीएवढं, पण त्याच्या पोटावर वाटीएवढा दिवा होता. हवा चांगली असली की निळा, खराब झाली की लाल.

दुकानदार काकासाहेबांनी मान हलवली. "मावशी, दिव्यावर जाऊ नका. दिवा नुसता सांगतो, साफ काही करत नाय. मोठं न्या. त्याला दिवा नाय, पर काम डबल."

तिच्या नवऱ्याला, कडूबालाही, ते पटत होतं. तो गाद्यांच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन थेट इथं आला होता. लहान मशीन नीट बघावं म्हणून तो त्याच्यावर वाकला, तर दिवा लाल झाला.

"बघा!" काकासाहेब हसले. "कुणीतरी दार उघडं टाकलं. जालना रोडची धूळ, दुसरं काय!" त्यांनी उठून काचेचं दार लावलं. कडूबा बायकोजवळ जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं दिवा परत निळा झाला.

वच्छला त्या निळ्याकडे बघतच राहिली. "आमच्या पैठणच्या धरणाचं पाणी सकाळी असंच दिसतं," ती म्हणाली. "नुसतं बघूनच बरं वाटायलंय."

"पाणीच बघायचं तर यष्टीनं पैठणला जा की मावशी. स्वस्तात पडंल."

"गेल्ते की. दिवाळीला पंधरा दिवस भावाकडं होते. एकदा खोकले नाय."

"ती गोदामाईची हवा," कडूबा म्हणाला. "ती कुठून आणायची इथं? द्या तेच, दिव्याचं. पाणी बघू द्या तिला."

मुकुंदवाडीत त्यांची एक खोली होती, वर पत्रा. लेकरूबाळ नव्हतं. दोन वर्षांपासून वच्छलाला दम लागत होता आणि दोन वर्षांपासून कडूबा त्या खोलीची भोकं बुजवत होता. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. चूल बंद केली, उदबत्ती बंद केली. दाराखाली पोतं लावलं. रस्त्यावरून ट्रक गेला की तो ट्रकवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

छातीचे डॉक्टर मागच्या खेपेला त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आता पुढचा झटका त्यांना झेपायचा नाही. घरात धूळ येऊ देऊ नका."

तो दिवसभर कामावर असायचा, पण संध्याकाळ तिची असायची. ती माहेरी गेली तेवढे दिवस सोडले तर त्यात सव्वीस वर्षांत खंड नव्हता. जुन्या गाद्यांचा कापूस पिंजायच्या मशीनवर त्याचं काम. घरी आला की तो तिच्या बाजेला टेकून खाली बसायचा आणि ती त्याच्या केसांतला, कानांतला, कॉलरमधला कापूस एकेक करून वेचायची.

"म्हातारा करून पाठवतेत रोज," ती म्हणायची. "मी वेचते म्हणून तरणे दिसता."

कापसाचं एखादं हलकं बोंडूक सापडलं की ती ते तळहातावर ठेवून फुंकर मारायची. पत्र्याला लागलं तर उद्याचा दिवस चांगला. लग्न झाल्यापासूनचा हा खेळ. अलीकडे तिची फुंकर पोचत नव्हती. कापूस तिच्याच मांडीवर पडायचा. मग कडूबा खालून हळूच आपली फुंकर लावायचा आणि म्हणायचा, "गेला बघ पत्र्याला. तुझ्याच दमानं गेला."

मशीन घरी आलं त्या रात्री लाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते लावून तो कामावर गेला. दिवसभर त्याचं लक्ष घराकडं होतं. जाताना तिचे डोळे मिटलेले होते आणि खोलीभर तो निळा उजेड संथ पसरला होता.

संध्याकाळी दार उघडलं तर वच्छला उशीला न टेकता बसलेली. तोंडावर तजेला.

"दिवसभर निळा होता!" ती म्हणाली. "लई झोपले. सपनात धरणावर गेल्ते. पाणी पार पायाशी आलं, पर वल्लं नव्हतं. त्याच्यावरच पडून ऱ्हायले, तरंगत. खोकला म्हणून नाय."

"दार लावून होतीस ना?"

"कुठलं! शेजारची साळूबाई आल्ती दुपारी. दार सताड उघडं टाकून तासभर सुनेच्या कागाळ्या सांगत बसली. समोरून ट्रक चाललेत, टेम्पो चाललेत. तरी निळाच. मशीन भारी हाय तुमचं."

कडूबाला भरून आलं. तो बाजेला टेकून खाली बसला. तिची बोटं त्याच्या केसांत शिरली. एकेक बोंडूक निघू लागलं. किती महिन्यांनी त्या बोटांना घाई नव्हती.

"हे बघा, कसं हलकंय," ती म्हणाली. तिनं ते तळहातावर घेतलं, छाती भरून श्वास ओढला आणि फुंकर मारली.

कापूस उठला. निळ्या उजेडात एखादा बगळा उडावा तसा सावकाश वर गेला, वर गेला आणि पत्र्याला टेकला. दोघंही लेकरांसारखी वर बघत राहिली.

"लागला!" ती म्हणाली. "माझ्या मी लावला. तुमची फुंकर नव्हती."

तिला ते ठाऊक होतं तर. तो हसला. नजर खाली आली तेव्हा खोली लाल झाली होती.

"ट्रक गेला असंल," ती म्हणाली आणि खोकली. एकदा. मग पुन्हा. तरीही तिचा हात त्याच्या केसांकडं आला.

कडूबानं दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. पोतं जागच्या जागी होतं, फटीतल्या चिंध्याही. मग त्यानं आपल्या बाहीकडं पाहिलं; तिच्यावर जुन्या गाद्यांची बारीक धूळ होती.

तो उठला. बाहेर गेला, मागं दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसला. खिडकीची काच लाल दिसत होती. तो काचेकडं बघत राहिला. आतला खोकला हळूहळू थांबला.

"अहो, कुठं गेलात?" आतून वच्छला म्हणाली. "या की आत. निळा झाला बघा."