कॉफी देणारी सोइला

ग्वायाकिल शहरातल्या नार्सिसा या मालकिणीच्या चॉकलेट कारखान्याची नवी कृती बाजारात येण्याआधीच फुटली. कृतीची चर्चा फक्त बंद दाराआड झाली होती, म्हणून तिने बैठकीत कॉफी देणाऱ्या सोइलालाच धरलं.

"अठरा वर्षं माझं खाल्लंस, आणि माझंच बोलणं चोरून ऐकून विकलंस?"

सोइलाने एप्रन उतरवला आणि ती निघून गेली.

महिन्याभराने बैठकीच्या खोलीतल्या विजेच्या बोर्डात लपवलेला माइक सापडला. माफी मागायला नार्सिसा स्वतः सोइलाच्या घरी गेली. दारावर थापा मारून हात दुखला, तेव्हा शेजारून सोइलाची मुलगी धावत आली.

 

"सेन्योरा, कामावरून काढाल म्हणून आईने तुम्हाला कधी कळू दिलं नाही. सहा वर्षं झाली, तिला काहीच ऐकू येत नाही."