शंभराव्या प्रश्नाचं उत्तर

नव्व्याण्णव बरोबर. उरला शंभरावा, आणि त्याच्यापाशी येऊन प्रियांका आज तिसऱ्यांदा अडली.

प्रश्न १०० : खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं नेट चालू आहे, एकाचंच बंद आहे. आधी काय कराल?
अ) त्याची केबल तपासू.
ब) नवा कॉम्प्युटर मागवू.
क) कंपनीला पत्र लिहू.
ड) सगळं बंद करून पुन्हा चालू करू.

तीन वर्षं ती चुडाव्यात खांबाला शिडी लावून घरोघरी नेट जोडत होती. असली तक्रार रोजचीच. दहातल्या नऊ वेळा केबल निघालेली असायची, दहाव्या वेळी उंदरानं खाल्लेली. म्हणून सकाळी तिनं 'अ' दाबलं. नव्व्याण्णव. दुपारी 'अ' दाबलं. नव्व्याण्णव.

"सर, ह्ये सॉफ्टवेअर चुकायलंय."

"ते हैदराबादहून आलंय," क्लास चालवणारे सटवाजी सर म्हणाले. "तू चुडाव्याहून आलीस."

नेटवर्किंगच्या खऱ्या परीक्षेला बसायचं तर सरांचं पत्र लागायचं, आणि सराव-चाचणीत शंभरपैकी शंभर पडल्याशिवाय सर पत्र देत नसत. आज शेवटचा दिवस. पाच वाजता क्लासला कुलूप. नेटचा धंदा असलेले तिचे मालक, ईश्वरअप्पा, यांनी तर स्वच्छच सांगून ठेवलं होतं : "पत्र आणलीस तर पूर्णा तालुक्याची सुपरवायझर तू. पन म्हांतेशनं बी आणलं, तर मग त्यालाच करावं लागतंय, बाई. भाचा हाय. बहिनीला काय तोंड दाखवू?"

म्हांतेश पुढच्या बाकावर बसला होता. जन्मात शिडी चढलेला नव्हता. तो प्रश्न वाचतच नसे; नुसती उत्तरं त्यानं पाढ्यासारखी पाठ केली होती. ड-अ-क-क, ब-ड-अ-अ. अडचण एवढीच, की मध्येच शिंक आली तर पुढची सगळी उत्तरं एक घर सरकायची.

साडेचारला दहा मिनिटं होती. प्रियांकानं घड्याळाकडं बघितलं आणि 'ड' दाबलं.

कॉम्प्युटरनं टाळ्या वाजवल्या. शंभर!

"शाबास!" सर म्हणाले आणि तिचा निकाल घ्यायला आपल्या पडद्याकडं वळले. वळले ते तसेच राहिले. "अरे, माझं नेट गेलं की! तुमचं चालू हाय का?"

सगळ्यांचं चालू होतं. सरांचंच बंद.

शंभरावा प्रश्न चालत येऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला होता.

सरांच्या टेबलावरून निघालेली केबल प्रियांकाच्या बाकाखालून भिंतीत जायची. केबलचं टोक भिंतीत धरून ठेवणारी खिटी कधीचीच मोडली होती. चपला दाराबाहेर काढायची सरांची शिस्त, त्यामुळं ते सुटलेलं टोक प्रियांकाच्या पायालाच लागलं.

"सर, केबल निघालीय."

"चूक," सर म्हणाले. "आन् आत्ताच तू सोता 'ड' दाबलंस ना? समजून दाबलंस, का आसंच?"



सरांनी भिंतीवरच्या मेन स्विचला हात घातला. खट. चौदा पडदे काळे झाले. त्यांच्यासोबत प्रियांकाचे शंभरही गेले. खट. पडदे उजळले. प्रत्येकावर एकच ओळ : प्रश्न १.

सरांचं नेट काही आलं नाही. हात पुन्हा स्विचकडं निघाला. तो पोचायच्या आत प्रियांकानं पायाच्या अंगठ्यानं केबल आत रेटली.

"आलं!" सर ओरडले. "बघितलं का? 'ड'. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं.

मग प्रियांकानं एकही प्रश्न वाचला नाही. वीस मिनिटांत शंभरावर आली आणि डोळ्याची पापणीही न लववता 'ड' दाबलं. टाळ्या. या वेळी निकाल पोचला. सरांनी पत्र छापलं, सही केली, शिक्का मारला.

"आता कुठं तुला नेटवर्किंग समजायलंय," ते म्हणाले.

पाचला दहा कमी. पुढच्या बाकावर म्हांतेश पुटपुटत होता, क-ब-ब-ड. एकोणनव्वदावर पोचला होता. आज शिंक नव्हती.

त्यानं मान वळवून तिच्या हातातलं पत्र बघितलं.

"झालं का, प्रियांकाताई? लय चांगलं झालं. मला बी हाताखाली कुनीतरी शिडीवर चढणारं लागतंयच की."

प्रश्न १०१ : प्रियांकानं आता काय करावं?
अ) गुमान घरी जावं.
ब) सरांना केबलचं पुन्हा समजावून सांगावं.
क) देवाकडं एक शिंक मागावी.

तिनं पत्राची नीट घडी घातली. ओढणीच्या टोकानं चेहरा पुसला. बाकाखालची पिशवी घ्यायला वाकली, आणि सरळ होता होता तिच्या पायाचा अंगठा केबलवरून अलगद फिरला.

"अरे, माझं नेट पुन्हा गेलं!" सर म्हणाले. "काय करायचं रे, पोरांनो?"

"ड!" अख्खा क्लास एका सुरात ओरडला. सगळ्यात मोठा आवाज म्हांतेशचा होता.