डावा स्पीकर

चौथ्या शनिवारी ॲल्रॉयची मोटरसायकल पुन्हा सातिवलीच्या गाळ्यासमोर येऊन थांबली, तेव्हा ॲनिशाने काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. चावीसाठी सरळ हात पुढे केला.

"डावाच?"

"डावाच," ॲल्रॉय म्हणाला.

दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या गॉडफ्रेअंकलनी, म्हणजे ॲनिशाच्या वडिलांनी, पेपर खाली केला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. ॲल्रॉयने घरी सुकवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची पुडी त्यांच्यापुढे धरली. पुडी पेपरमागे गेली. आभारबिभार काही नाही.

गोव्याच्या लांबच्या फेरीसाठी गाडीला चांगले स्पीकर बसवावेत, एवढ्याच विचाराने तो पहिल्या शनिवारी इथे आला होता. पुढे दोन नवे स्पीकर, सीटखाली अँप्लिफायर, टाकीखालून वायरी. सीटखाली अंधार, म्हणून दोन तास तो मोबाइलची बॅटरी धरून उभा राहिला. वायर सोलताना ॲनिशा गुणगुणत होती आणि सूर चुकला की स्वतःशीच हसत होती. पठ्ठ्या तिथेच गारद झाला. तोंडातून मात्र कामाच्या पलीकडे एक शब्द फुटेल तर शपथ!

काम झाल्यावर गॉडफ्रेअंकलनी गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणली. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला चावी द्यायची नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता. वर ताकीद दिली, "रेल्वेचा पूल ओलांडेपर्यंत गाणी नाय लावायची. आधी रस्ता, मग मजा."

ॲल्रॉयने निमूट ऐकलं. निर्मळच्या तळ्यापाशी पोचल्यावर हौसेने गाणं लावलं, तर डावा स्पीकर मुका.

दुसऱ्या शनिवारी ॲनिशाने सीट उघडली. डाव्या वायरीचा कनेक्टर सुटून लोंबत होता. ती शरमेने लाल झाली, तीनदा सॉरी म्हणाली आणि कनेक्टर दाबून बसवला. टक् असा आवाज झाला. तोवर गॉडफ्रेअंकलनी ॲल्रॉयची उलटतपासणी घेतली. कुठला? निर्मळचा. कोणाचा? क्लेमेंट मास्तरांचा. नोकरी? विरारला, बँकेत. चर्चच्या कॉयरला जातोस? केळीच्या वाडीत कोण बघतं? दारू? पोलीस बरे, असं त्याला वाटलं. पण ॲनिशाने कॉफी दिली, आणि त्या कॉफीने घात केला.

आता खरं सांगायला हवं. दुसऱ्या शनिवारचा बिघाड खरा होता. तिसऱ्या शनिवारचा आणि आजचा, हे दोन्ही खुद्द ॲल्रॉयने आपल्या अंगणात, सीट उघडून, दोन बोटांनी केले होते. चोरासारखं इकडेतिकडे बघून.

आज ॲनिशा गुणगुणत नव्हती. कनेक्टर हातात घेऊन ती नुसती बघत बसली.

"सकाळी तुझ्या गोव्याच्या ग्रुपमधल्या स्टॅनीचा फोन आला होता," ती म्हणाली. "नऊ गाड्यांना माझ्याकडे स्पीकर लावणार होते ना? नको म्हणाला. ॲल्रॉयचाच स्पीकर आठवडाभर टिकत नाही, म्हणे."

ॲल्रॉयची नजर तिच्या हातातल्या कनेक्टरवर गेली.

"बरोबरच आहे त्याचं. खड्ड्यांनी हा कनेक्टर सुटतच नाही. म्हणजे मीच नीट लावत नसणार. सात वर्षं हे काम करतेय मी, आणि आता माझ्याच हातावर माझा भरवसा राहिला नाही."

पेपरमागून कुणीतरी खाकरलं.

सांगितलं तर ही पुन्हा तोंडही बघणार नाही, हे ॲल्रॉयला स्वच्छ दिसत होतं. पण तिचा पडलेला चेहरा त्याला बघवेना.

"तुझा हात चांगला आहे," तो म्हणाला. "कनेक्टर मी काढला. आज, आणि मागच्या शनिवारीपण."

"का?"

"इथे यायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं."

ती काही बोलायच्या आत त्याने स्टॅनीला फोन लावला आणि तिच्यादेखत सगळं कबूल केलं. पलीकडून असा हशा उसळला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "नऊच्या नऊ गाड्या तिकडेच येणार!" स्टॅनी ओरडला. "तुझं ध्यान बघायला तरी येणार!"

ॲनिशाने हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फसला, आणि मग ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ॲल्रॉयला इतकं हलकं वाटलं की गाळ्यातच नाचावं.

"पुढच्या शनिवारी काही न बिघडवता ये," ती म्हणाली. "येऊ शकतोस."

तिने कनेक्टर बसवला. टक्. आणि तिचा हात तिथेच थांबला.

"आणि पहिल्यांदा सुटला तो?"

"तो मी नाही काढला. देवाशपथ!"

"अरे, पण दोन बाजूंनी दाबल्याशिवाय हा सुटतच नाही. आणि पहिल्या शनिवारी बसवताना टक् झालेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय."



गॉडफ्रेअंकलनी पेपरची घडी घातली, उरलेलं सुकेळं तोंडात टाकलं आणि शिरस्त्याप्रमाणे चावीसाठी हात पुढे केला.

"दोन तास पोरगा बॅटरी धरून उभा राहिला आणि जाताना नुसतं 'येतो' म्हणाला," ते म्हणाले. "मग नाक्यावर गाडी थांबवून तो कनेक्टर मलाच काढायला लागला."