बिनचांदीची फिल्म

तिसऱ्या तुकड्यावरही पट्टे आले. खांबाचं चित्र अगदी स्पष्ट, आणि त्याच्यावर काळे आडवे पट्टे. फिल्मवालीने तुकडा पुन्हा उजेडात धरून पाहिला.

सहा वर्षं तिने या फिल्मपायी घातली होती. चांदीचा कण नाही, अंधारी खोली नाही, रसायनात बुडवणं नाही. लेझरचा प्रकाश पडला की फिल्म आपणहून चित्र धरायची. मग निळ्या दिव्याखाली पाच मिनिटं ठेवून पक्की करायची, बस्स. आज शेवटची परीक्षा होती. फिल्म नापास झाली, तर संध्याकाळी विभागाला टाळं.

परीक्षा तशी सोपी. एकाच तुकड्यावर एकाच वस्तूचं चित्र दोनदा घ्यायचं, मध्ये दहा मिनिटं सोडून. वस्तू जागची हलली नाही तर चित्र स्वच्छ येतं. केसाच्या शंभराव्या भागाइतकी जरी हलली, तरी पट्टे पडतात; जितकी जास्त हलेल, तितके जास्त. म्हणून परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी खोलीच्या मधला जाड खांबच निवडला होता. "याच्याहून जास्त न हलणारे इथे फक्त आमचे हेडक्लार्क," असं म्हणून ते स्वतःच हसले होते.

आता हसत नव्हते. "बाई, फिल्म आकसतेय तुमची. मान्य करा."

तिलाही तेच वाटत होतं. "एक तुकडा उरलाय, सर," ती कशीबशी म्हणाली. "तेवढा करू द्या."

"करू द्या हो," लेझर सांभाळणारे म्हातारे मिस्त्री मध्ये पडले. "बुडत्याला काडीचा आधार." त्यांनी खांबाऐवजी लेझरच्या टेबलावरच पाच किलोचं लोखंडी वजन आणून ठेवलं. बदल म्हणून, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

दहा मिनिटं संपता संपेनात. निळ्या दिव्याखालून तुकडा काढताना तिने डोळे मिटून घेतले. उघडले, तर समोर वजन. स्वच्छ. एकही पट्टा नाही.

"जिंकलात ताई!" मिस्त्रींनी टाळी वाजवली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तुकडा पुन्हा उजेडात धरला.

तिला हसू फुटलं. मग सकाळपासून नेमकं कुठे घोडं पेंड खात होतं, हे बघायला तिने आधीचे तिन्ही तुकडे शेजारी शेजारी मांडले. पहिल्यावर चार पट्टे. दुसऱ्यावर सात. तिसऱ्यावर बारा.

हसू ओठांवरच विरलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. वर तीन मजले होते आणि तिन्ही माणसांनी भरलेले होते.

"मग आधी चुकलं काय फिल्मचं?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही, सर!" ती धोक्याच्या घंटेकडे धावत ओरडली. "सगळ्यांना बाहेर काढा, खांब सरकतोय!"