फडक्यावरचा निळा

“अंधारे महिने संपून सूर्य उगवेल, त्या दिवशी उन्हात माझा चेहरा काढ,” आईनं दादाला बजावलं होतं. त्यानं शब्दही दिला होता. पॅरिसला ऊन रंगवायला शिकला आणि इथे नॉर्वेच्या दक्षिणेला, बर्गनमध्ये, जहाजमालकांच्या छातीवरची पदकं रंगवत बसला. उत्तरेकडे, हिवाळ्यात सूर्यच न उगवणाऱ्या आमच्या गावी, आई शेवटच्या दुखण्यात होती. सूर्य उगवायला आठवडा उरला होता. “हाल्वर, गालावर निळी सावली कशाला? बुडून मेलोय का मी?” चित्रासाठी समोर बसलेले जहाजमालक खेकसले. जन्म बर्फात गेला, तरी निळी सावली दिसली नाही यांना! “चुकलं, साहेब,” म्हणत दादानं निळा फडक्यानं पुसून तपकिरी फासला. मी प्रार्थनेचं पुस्तक मिटून हळूच म्हटलं, “देव क्षमा करो, दादा, पण या तोंडापेक्षा तुझं फडकं जिवंत दिसतंय.” “माझं पोट जरा कमी कर,” साहेब म्हणाले. दादा रंगपेटी उचलून गुपचूप उत्तरेच्या बोटीकडे निघाला.